लर्निंग लायसन्सवर सरावाचे तास सक्तीचे करावेत का?

गिअर_दुसरा:
माझं मत आधीच सांगून टाकतो. लर्निंग काढल्यापासून पक्कं लायसन्स मिळेपर्यंत किती तास गाडी चालवली याची नोंद सक्तीची हवी, आणि नोंद नसेल तर टेस्टला उभंच करू नये.

आत्ता काय होतं बघा. वय १८ पूर्ण, सारथी या परिवहन खात्याच्या वेबसाइटवर फॉर्म भरला, चिन्हं आणि नियमांवरचे प्रश्न आले, ६० टक्के बरोबर आले की लर्निंग हातात. २०२१ पासून आधार जोडलं की ही परीक्षा घरी बसून पण देता येते. तिथून ३० दिवस झाले की पक्क्याची टेस्ट. मधल्या ३० दिवसांत त्या माणसाने स्टिअरिंगला हात तरी लावला का हे कुणीच विचारत नाही. लर्निंग सहा महिने चालतं, म्हणजे कायद्याने शिकायला वेळ दिलाय, आणि आपण तो नुसता तारखेची वाट बघण्यात घालवतो.

टेस्टमध्ये काय असतं, तर ट्रॅकवर आठचा आकडा, एचमध्ये रिव्हर्स, चढावर थांबून परत गाडी काढणं. हे सगळं यायलाच पाहिजे, पण ट्रॅकवर समोरून कुणी फुल बीम मारत येत नाही, बाजूच्या गल्लीतून सायकलवाला पोरगा अचानक बाहेर येत नाही, पावसात काच आतून धूसर होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये २५ च्या आतल्या शिकाऊला १२० तासांचं लॉगबुक भरावं लागतं आणि त्यातले २० तास रात्रीचे. मी १२० म्हणत नाही, पण ३०-४० तास तरी? आणि त्यात रात्र हवीच.

बिनगाडीवाला:
पूर्ण असहमत. ज्याच्या घरात गाडीच नाही त्याने हे तास आणायचे कुठून? तुम्ही म्हणताय ते ज्याच्या दारात कार आहे आणि ज्याचे वडील रविवारी शेजारी बसून शिकवणार आहेत त्याला सोपं. बाकीच्यांनी ड्रायव्हिंग स्कूललाच पैसे मोजायचे, आणि स्कूलचा नेहमीचा कोर्स म्हणजे रोज जेमतेम अर्धा तास, त्यातही मागच्या सीटवर पुढचा विद्यार्थी बसलेला असतो. ४० तास म्हणजे असे किती कोर्स करायचे माणसाने? डिलिव्हरीचं नाहीतर ड्रायव्हरचं काम मिळेल म्हणून लायसन्स काढणारी मुलं आहेत, त्यांच्यासाठी हा नियम म्हणजे सरळ दार बंद.

आणि लॉगबुक भरणार कोण? स्वतःच ना. मग ते टेस्टच्या आदल्या रात्री एकाच पेनने भरलं जाणार, किंवा एजंट भरून देणार. नियम जेवढे अवघड तेवढे लोक लायसन्सशिवायच गाडी चालवतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने लायसन्सशिवाय चालवल्यास दंड ५००० रुपये केला, तरी चालवणारे चालवतायतच ना?

हँडब्रेकजवळ:
मला तासांपेक्षा शेजारी कोण बसतं हा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ३ वाचा. शिकाऊ माणूस चालवत असताना त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स असलेला शिकवणारा सोबत हवा, आणि तो गाडीवर ताबा घेऊ शकेल किंवा ती थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. नुसता 'सोबत' नाही, थांबवता येईल असा. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक आणि क्लच असतो. घरच्या गाडीत काय असतं, तर दोन सीटच्या मध्ये हँडब्रेक. मी शिकत होते तेव्हा मामा पूर्ण वेळ त्या दांड्यावर हात ठेवून बसायचा, बटण अंगठ्याखाली दाबलेलं, म्हणजे ओढायला वेळ लागू नये. चौकात माझा पाय क्लचवरून लवकर सुटला आणि गाडी धक्का खाऊन पुढे गेली तेव्हा त्यानेच ती थांबवली.

आता कितीतरी नव्या गाड्यांत तो दांडाच नाही, इलेक्ट्रिक ब्रेकचं बटण आहे, आणि काही गाड्यांत तर ते ड्रायव्हरच्या उजव्या हाताला. शेजारच्याने काय करायचं? अशा गाडीवर घरी शिकवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय आपल्याकडे शेजारी बसणाऱ्याला लायसन्स किती वर्षं जुनं हवं ही अटच नाही. गेल्या आठवड्यात पक्कं मिळालेला मित्र आज मला 'शिकवू' शकतो. ब्रिटनमध्ये शेजारचा किमान २१ वर्षांचा आणि लायसन्स मिळून ३ वर्षं झालेला लागतो. आधी हे करा, याला कुणाचा एक रुपया लागत नाही.

चाक_दोनच:
सगळे कारवरच बोलताय. आपल्याकडे बहुतेक लोक आधी दुचाकी शिकतात हो. नियम ३ दुचाकीला लावून बघा. लर्निंगवाल्याने मागे शिकवणाऱ्याशिवाय दुसरं कुणी बसवायचं नाही, इथपर्यंत ठीक. पण तो मागे बसलेला शिकवणारा गाडी थांबवणार कशी? पुढचा ब्रेक उजव्या हातात, मागचा ब्रेक चालवणाऱ्याच्या उजव्या पायाखाली, स्कूटर असेल तर डाव्या हातात. मागच्याचा हात कुठेच पोचत नाही, उलट ८० किलोचा माणूस मागे बसवल्यावर नवशिक्याला वळणावर तोल सांभाळणं जास्त अवघड. म्हणून सगळे एकटेच शिकतात, पोलीस पण हे जाणतात, आणि पहिल्या दिवसापासून नियम मोडूनच शिकायची सवय लागते. जो नियम पाळताच येत नाही त्याच्यावर अजून तासांची नोंद चढवून काय मिळणार?

ब्रिटनचं उदाहरण आलंच आहे तर तिथे बाइकवाल्या शिकाऊला मागे कुणालाच बसवता येत नाही, पण रस्त्यावर यायच्या आधी सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण घ्यावं लागतं. आधी मोकळ्या जागेत ब्रेक, वळण, मान वळवून मागे बघणं, मग प्रशिक्षकासोबत रस्त्यावर, आणि ते झाल्यावरच एकट्याने. दुचाकीला मला हेच पटतं.

गिअर_दुसरा:
@चाक_दोनच दुचाकीचं शंभर टक्के मान्य, तिथे माझा मुद्दा तसाच्या तसा लागू होत नाही.

@बिनगाडीवाला पण तासांची कल्पना मी हवेतून काढलेली नाही. केंद्राने २०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आणले, त्यात हलक्या वाहनाचा कोर्स २९ तासांचा आहे, २१ तास प्रत्यक्ष चालवणं आणि ८ तास थिअरी, जास्तीत जास्त ४ आठवड्यांत. तो पास झाला की आरटीओची टेस्ट माफ. म्हणजे चालवायला शिकायला किती वेळ लागतो हे सरकारने स्वतःच कागदावर लिहून ठेवलंय. मग जो त्या केंद्रात जात नाही त्याला शून्य तास चालतात, हे कसं काय?

बिनगाडीवाला:
कारण केंद्रवाल्याला टेस्टमधून सूट मिळते म्हणून त्याच्याकडून तास घेतात, बाकीच्यांची टेस्ट होते. हिशोब बरोबरच आहे. आणि ती केंद्रं आहेत किती ठिकाणी? तालुक्याच्या पोराने २१ तासांसाठी रोज जिल्ह्याला जायचं का? तुम्हाला चांगले ड्रायव्हर हवेत ना, मग टेस्ट खरी घ्या. ट्रॅकवरून बाहेर काढा, चालत्या रस्त्यावर वीस मिनिटं चालवायला लावा, सिग्नल, उजवं वळण, बसच्या मागे थांबणं. ज्याला येतं तो पास, मग तो दहा तासांत शिकला की शंभर. माझ्या चुलतभावाने आधी ट्रॅक्टर चालवलाय, त्याला कार यायला किती वेळ लागणार? आणि काहींना ४० तासांनंतरही जमत नाही, त्यांना नोंदवही भरली म्हणून पास करणार का?

पॉलिसीधारक:
मध्येच एक कामाचं. लर्निंगवर अपघात झाला तर इन्शुरन्स मिळतच नाही असं खूप लोक समजतात, ते चूक आहे. सुप्रीम कोर्टाने २००४ च्या स्वर्ण सिंग निकालात लर्निंगवालाही लायसन्सधारकच धरलाय. पण पॉलिसीचा कागद वाचा, त्यात नियम ३ पाळलेला असावा असं लिहिलेलं असतं. शेजारी कुणी नव्हतं, शिकाऊची खूण म्हणून गाडीवर एल (L) लावला नव्हता, तर स्वतःच्या गाडीच्या क्लेमला भांडत बसावं लागेल. आणि एल म्हणजे काचेच्या कोपऱ्यातला नखाएवढा स्टिकर नाही, १८ सेंटीमीटरचा पांढरा चौकोन, त्यावर किमान १० सेंटीमीटर उंच लाल अक्षर, पुढे आणि मागे दोन्हीकडे.

हँडब्रेकजवळ:
एल मोठा लावला की मागचे जास्त हॉर्न मारतात म्हणून लोक काढून टाकतात, हे पण लिहा. माझ्या बहिणीची गाडी चढावर बंद पडली, मागे एल स्पष्ट दिसत होता, तरी मागचा एकसारखा हॉर्न देत राहिला, ती घाबरून परत परत क्लच सोडत होती आणि गाडी दर वेळी थोडी मागे येत होती. दोन गाड्यांचं अंतर ठेवलं असतं तर तिने पुढच्या मिनिटाला गाडी काढली असती. शिकाऊला सगळे नियम, पण एल दिसल्यावर मागच्याने काय करायचं यावर लर्निंगच्या परीक्षेत एक तरी प्रश्न हवा की नाही?

@बिनगाडीवाला रस्त्यावरची टेस्ट मला पटतेय. पण टेस्ट शिकून झाल्यावर येते. त्याच्या आधीचे दिवस तो माणूस आपल्या सगळ्यांसोबत त्याच रस्त्यावर असतो, आणि तेव्हा त्याची गाडी थांबवायला फक्त शेजारचा असतो. त्यासाठी टेस्ट कितीही कडक केली तरी उपयोग नाही.

बिनगाडीवाला:
शेजारच्याला तीन वर्षांची अट ठेवा, त्याला माझी हरकत नाही. तासांना अजूनही आहे.