परदेशी कंपनीने डीलरशिप काढून घेतली, तर दोष सही करणाऱ्याचाच?

जेटीवरचा दुकानदार: काल इथे एकाने लिहिलं, "करार न वाचता सही करायची आणि डीलरशिप गेली की कायदा मागायचा, हे कोकणातल्या दुकानदारांनी सोडावं." डोकं फिरलं. माझ्या मेव्हण्याचं रत्नागिरीत होडीच्या आउटबोर्ड मशीनचं दुकान. कंपनी परदेशी, करार छापील, त्यातला शब्द बदलायची सोय नाही. मिरकरवाड्यापासून साखरी नाट्यापर्यंत गिऱ्हाईक त्याने जोडलं, मेकॅनिक त्याने तयार केले. एप्रिलच्या शेवटी तीस दिवसांची नोटीस आली. १ जूनला मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या. गोदामातले मशीनचे पंखे, इंपेलर असे सुटे भाग घेणार कोण? नारळी पौर्णिमेनंतर त्याचीच गिऱ्हाइकं नव्या डीलरच्या दारात.

कोर्टकचेरी, चिपळूण: कालचं मीच लिहिलं होतं आणि अजून तेच म्हणतो. १८७२ चा करार कायदा आहे. मुदतीआधी एजन्सी विनाकारण काढून घेतली तर कलम २०५ ने भरपाई, कलम २०६ ने वाजवी नोटीस. आणखी काय हवं?

जेटीवरचा दुकानदार: ती कलमं एजंटसाठी. मेव्हणा स्वतःचे पैसे घालून माल विकत घेतो, म्हणजे वितरक. त्याच्यासाठी वेगळा कायदा नाही, फ्रँचायझीसाठीही नाही. आणि अमृतसर गॅस या गॅस वितरकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काय दिलं? करार तीस दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो, म्हणून भरपाई तीस दिवसांच्या कमिशनची. डीलरशिप परत नाही. कंपनी इथलीच होती, पण परदेशी कंपन्यांचे वकील तोच निकाल पुढे करतात. वर करारात लिहिलेलं, तंटा झाला तर लवाद सिंगापूरला!

दुबईकर दापोलीचा: आमच्याकडे अमिरातीत १९८१ चा एजन्सी कायदा होता. नोंदणीकृत स्थानिक एजंटला सबळ कारणाशिवाय कंपनी हात लावू शकत नव्हती. युरोपातही १९८६ च्या निर्देशानुसार एजंटला वर्षभराच्या सरासरी कमिशनपर्यंत भरपाई मिळू शकते.

कोर्टकचेरी, चिपळूण: मग हेही सांगा की २०२२ च्या कायद्याने तुमच्या अमिरातीने ती पकड सैल केली.

दुबईकर दापोलीचा: केली. मुदत संपली की करार संपवता येतो, मान्य. पण आधी नोटीस द्यावी लागते.

पागोळी, हर्णै: डीलरचं रडगाणं पुरे. आमचं कोण ऐकणार? ऐन हंगामात मशीन बंद पडलं, एका गिअरसाठी त्या एकट्या डीलरकडे हेलपाटे. तो म्हणेल तो भाव, "पार्ट मुंबईहून येतोय" म्हणून आठवडा. खलाशांचा पगार चालू, होडी खाडीत. बाहेरचा पार्ट लावला तर वॉरंटी गेली. अशा माणसाला अजून संरक्षण?

जेटीवरचा दुकानदार: भाव कंपनी ठरवते, शिव्या डीलर खातो.

पागोळी, हर्णै: दहा टक्के वर लावायला कंपनी सांगते काय? आमच्या जेट्टीवरच्या पोरांना दुरुस्ती येते, त्यांना पार्ट द्यायला डीलर नकार देतो. ते पण कंपनीचंच?

कोर्टकचेरी, चिपळूण: बऱ्याचदा करारातच ती अट असते. २०१४ मध्ये दिल्लीच्या स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना २,५०० कोटींहून जास्त दंड केला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला न दिल्याबद्दल.

पागोळी, हर्णै: मोटारवाल्यांची गाऱ्हाणी दिल्लीत ऐकली जातात. होडीवाल्याने काम सोडून दिल्लीला जायचं?

जेटीवरचा दुकानदार: पार्ट अडवणं चूक आहे, मेव्हण्यानेही केलं असेल तर चूक. पण नव्या डीलरकडे तुम्हाला स्वस्त मिळालं का?

पागोळी, हर्णै: नाही.

कोर्टकचेरी, चिपळूण: बरं, एवढं मानतो. उरलेला माल कंपनीने बीजकाच्या किमतीला परत घ्यावा आणि नोटिशीच्या मुदतीत धंद्याचा एक पूर्ण हंगाम यावा, इतका कायदा असायला हरकत नाही. आयुष्यभराची डीलरशिप मात्र कुणाला नको.

जेटीवरचा दुकानदार: आयुष्यभराची मागितली कुणी? एवढंच तर मागतोय!

पागोळी, हर्णै: त्यातच लिहा, सुटा भाग मागेल त्या मेकॅनिकला छापील किमतीत. नाहीतर या मागणीवर आमच्या मच्छीमार सोसायटीची एकही सही मिळणार नाही.