मदत हवी आहे: टायट्रेशनला गुलाबीऐवजी तपकिरी रंग येतोय, परवा प्रॅक्टिकल

कळवा_एफवाय
परवा प्रॅक्टिकल आहे आणि माझं टायट्रेशन (एक द्रावण थेंबथेंब घालून दुसऱ्याची तीव्रता मोजणं) काही केल्या जमत नाहीये. शेवटी फिकट गुलाबी रंग यायला हवा, पण माझ्या फ्लास्कमध्ये चहासारखं तपकिरी, गढूळ काहीतरी होतं आणि ते जात नाही. तीन रीडिंग्जही एकमेकांशी जुळत नाहीत. कुणीतरी लवकर सांगा, थिअरीही बाकी आहे.

ब्युरेटवाला
कसलं टायट्रेशन? ब्युरेटमध्ये, म्हणजे वरच्या मोजनळीत काय, फ्लास्कमध्ये काय? फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी की परमँगनेटचा?

कळवा_एफवाय
पोटॅशियम परमँगनेटच हो, ब्युरेटमध्ये. खाली फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड. गरम करून करतात ते.

सतार_आणि_स्टिरिओ
थिअरी बाकी आहे म्हणतेस तर आधी स्टिरिओकेमिस्ट्री, म्हणजे रेणूंची त्रिमितीय रचना घे, एफवायला तिथेच मार्क जातात. कणकेचे चार रंगीत गोळे आणि टूथपिक घे, फिशर प्रोजेक्शन (रेणूची कागदावरची सपाट आकृती) हातात धर. आडवे बंध आपल्याकडे, उभे मागे. दोन गट अदलाबदल केले की आर रचनेची तिच्या आरशातल्या प्रतिमेसारखी एस रचना होते, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुन्हा विसरत नाही.

ब्युरेटवाला
तिचं प्रॅक्टिकल अडलंय, स्टिरिओ नंतर. सल्फ्युरिक किती घालतेस? आणि गरम म्हणजे किती गरम?

कळवा_एफवाय
शीटवर नुसतं 'विरल सल्फ्युरिक घाला' छापलंय, किती ते नाही. आमच्या टेबलावर सगळे ड्रॉपरने तीन-चार थेंब टाकतात. बर्नर चौघांत एक. गरम करून आपल्या ब्युरेटपाशी येईपर्यंत फ्लास्क कोमट होतो.

रबाळे_क्यूसी
दोन्ही कारणं सापडली. तो तपकिरी गाळ मँगनीज डायॉक्साइडचा आहे. आम्ल भरपूर असेल तर परमँगनेटमधला मँगनीज अधिक सात या ऑक्सिडेशन अंकावरून थेट अधिक दोनवर येतो आणि त्याचं द्रावण जवळपास रंगहीन असतं. आम्ल कमी पडलं की तो अधिक चारवर अडकतो. दोन परमँगनेटला पाच ऑक्झॅलिक आणि तीन सल्फ्युरिक लागतात, ते तीन-चार थेंबांत कुठून येणार? १० मिली ऑक्झॅलिकला २ नॉर्मल सल्फ्युरिक १० मिली घाल, मोजून. गरज यापेक्षा खूप कमी असते, पण इथे जास्त असलेलंच बरं.

नौपाडा_नाईट
सल्फ्युरिक नसेल तर एचसीएल घाल, आमच्या वेळी चालायचं.

रबाळे_क्यूसी
नाही, कृपा करून हे करू नकोस. परमँगनेट क्लोराइडचं क्लोरीन करतं, म्हणजे ते तिथेही खर्च होतं आणि रीडिंग वाढतं. नायट्रिकही नको, ते स्वतःच ऑक्सिडायझर आहे.

मोलकरी
नॉर्मॅलिटीत (तीव्रतेच्या जुन्या मापात) बोलणं थांबवा, मुलांचं त्यानेच वाटोळं होतं. मोल शिकवा.

ब्युरेटवाला
परीक्षेच्या बाटलीवर नॉर्मॅलिटीच लिहिलेली असते, मग ती काय करणार? आम्लात परमँगनेटचा फॅक्टर पाच, म्हणजे एक कण पाच इलेक्ट्रॉन घेतो. रेणुभार १५८ भागिले ५, तुल्यभार ३१.६. एन-वन व्ही-वन बरोबर एन-टू व्ही-टू, म्हणजे नॉर्मॅलिटी गुणिले आकारमान दोन्हीकडे सारखं, संपलं.

मोलकरी
फॅक्टर पाच कधी? मँगनीज अधिक दोनवर पोहोचला तरच. डायॉक्साइडवर थांबला तर तीन. हिच्या फ्लास्कमध्ये काही कण पाच इलेक्ट्रॉन घेतायत, काही तीन, म्हणून तेवढ्याच ऑक्झॅलिकला परमँगनेट जास्त लागतं. रीडिंग्ज जुळत नाहीत त्याचं कारण हेच. तुमच्या सूत्रात हे दिसत नाही, मोलमध्ये इलेक्ट्रॉन मोजले की दिसतं.

ब्युरेटवाला
हे मान्य. पण परवाच्या पेपरात तिला सूत्रच लागेल.

नौपाडा_नाईट
गोखले रोडला एफवायचे चांगले क्लास कुठले आहेत? भाचीला लावायचाय.

रबाळे_क्यूसी
@कळवा_एफवाय, बर्नरचं असं कर. ब्युरेट आधी भरून, शून्य लावून तयार ठेव, मग फ्लास्क घेऊन जा. वाफ दिसू लागली की उचल, ६० ते ७० अंश पुरेत, उकळू नकोस, ऑक्झॅलिकचंच विघटन होतं. परमँगनेट इतकं गडद असतं की खालची वक्ररेषा दिसत नाही, वरच्या कडेवर रीडिंग घे, तिन्ही वेळा तिथेच. आणि पहिले थेंब घाईने सोडू नकोस. एकेक थेंब टाक, रंग पूर्ण जाईपर्यंत फ्लास्क फिरव, मग पुढचा.

सतार_आणि_स्टिरिओ
चिमूटभर मँगनीज सल्फेट टाकलं तर सुरुवातीपासून रंग झटपट जातो.

ब्युरेटवाला
परीक्षेत बाहेरचं काही टाकून चालत नाही. तिला नसत्या वाटेला लावू नका.

कळवा_एफवाय
आज मॅडमनी सरावाला बसू दिलं. ॲसिड मोजून घातलं, ब्युरेट आधीच भरून ठेवला. गढूळ झालं नाही आणि शेवटच्या थेंबाला गुलाबी आला, तीस सेकंद टिकला. दोन रीडिंग अगदी सारखी आली! खूप खूप आभार, काका. पण पहिला थेंब जायला फार वेळ लागला आणि नंतरचे पटापट गेले, तसं का? मॅडम म्हणाल्या हे वायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारतात. आणि परमँगनेट प्रायमरी स्टँडर्ड, म्हणजे नुसतं वजन करून अचूक तीव्रतेचं द्रावण बनवता येईल असा पदार्थ का नाही, हेही.

रबाळे_क्यूसी
सुरुवातीला फ्लास्कमध्ये अधिक दोनचं मँगनीज नसतं, म्हणून अभिक्रिया रेंगाळते. थोडं तयार झालं की तेच पुढच्या अभिक्रियेला उत्प्रेरक होतं. याला ऑटोकॅटॅलिसिस म्हणतात, तुझ्या कायनेटिक्सच्या धड्याशी जोडून सांग, परीक्षक पुढचं तिथूनच विचारेल. वर मँगनीज सल्फेटचं सांगितलंय तेही याच कारणाने चालतं.

दुसरं: परमँगनेट पूर्ण शुद्ध मिळत नाही, त्यात डायॉक्साइडचा अंश असतो. पाण्यातल्या सेंद्रिय कचऱ्याने आणि उजेडानेही ते हळूहळू विघटतं, म्हणून तपकिरी बाटलीत ठेवतात. वजन करून त्याची तीव्रता ठरवता येत नाही, ऑक्झॅलिकवर तपासूनच घ्यावी लागते. ऑक्झॅलिकचं वजन करताना दोन रेणू पाणी धरून १२६ घ्यायचं, ९० नाही.