मार्सेयचे जुने बंदर: जीर्णोद्धार की विस्थापन?

दर्यावर्दी (धागाकर्ता):
८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून मारलेल्या उडीमुळे मार्सेय हे नाव मराठी घराघरांत पोहोचले, परंतु त्या शहराच्या जुन्या बंदराविषयी आपल्याकडे क्वचितच लिहिले जाते. इ.स.पूर्व ६०० च्या सुमारास फोकायाहून आलेल्या ग्रीकांनी या अरुंद खाडीत नांगर टाकला. खाडीच्या उत्तरेला टेकडीवर पानिए ही वस्ती आहे आणि तिच्या पायथ्याशी, अगदी पाण्याला लागून, सँ-झाँ ही कोळी-खलाशांची वस्ती होती.

माझे म्हणणे असे की, या भागाची ‘सुधारणा’ ज्या ज्या वेळी झाली, त्या त्या वेळी तेथील माणसांना उठवण्यात आले. १८६० च्या दशकात टेकडी फोडून नव्या धक्क्यांकडे जाणारा रुंद राजरस्ता काढला, तेव्हा हजारो गरीब कुटुंबे बेघर झाली. जानेवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्य आणि रने बुस्के यांच्या हाताखालील फ्रेंच पोलीस यांनी मिळून सुमारे २०,००० लोकांना घराबाहेर काढले आणि १ फेब्रुवारीपासून सुरुंग लावून सुमारे १,५०० इमारती जमीनदोस्त केल्या. कारण सांगितले ते जुनेच: घाण, रोगराई, गुन्हेगारी. नगरपालिकेची इमारत आणि टोकदार पैलूंच्या दगडांनी मढवलेला ‘हिऱ्यांचा वाडा’ मात्र त्यांनी राखला. म्हणजे जपण्यासारखे काय आहे हे पाडणाऱ्यांना नीट कळत होते, आणि त्यात माणसांची घरे बसत नव्हती. आज पानिएच्या गल्ल्यांत भिंती रंगवल्या जात आहेत आणि साबण-लव्हेंडरची दुकाने थाटली जात आहेत. पण वरच्या मजल्यांवरील घरे पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने जाऊ लागली, तर दोन खिडक्यांमधल्या दोरीवर धुणे वाळत घालणारी कुटुंबे तेथे किती काळ टिकतील?

सांजवेळ:
मला हे मांडणे मान्य नाही. १९४३ ची घटना हा युद्धगुन्हा होता. त्या धरपकडीत सापडलेल्या शेकडो ज्यूंना सोबिबोरच्या मृत्युछावणीत पाठवण्यात आले. ती घटना आणि आजची रंगरंगोटी एकाच माळेत ओवली, तर त्या मृतांवर अन्याय होतो.

दुसरे असे की, जुन्या वस्तीचे दारिद्र्य म्हणजेच तिचे ‘व्यक्तिमत्त्व’ असे मानणे मला क्रूर वाटते. पानिएतील ‘व्येय शारिते’ पाहा. प्येर प्युजे या शिल्पकाराने १६७१ पासून उभारायला घेतलेली ही देखणी वास्तू मुळात भिकाऱ्यांना कोंडून ठेवण्यासाठी होती. विसाव्या शतकात तिची इतकी पडझड झाली की ती पाडण्याचा विचार पुढे आला. डागडुजी झाली म्हणूनच आज तिच्या तीन मजली कमानींच्या मागे संग्रहालये आहेत. दुर्लक्षाची किंमत काय असते, हे ५ नोव्हेंबर २०१८ रोजी बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, ओबान्य रस्त्यावरील जीर्ण घरे कोसळून आठ जण मृत्युमुखी पडले तेव्हा साऱ्या फ्रान्सने पाहिले. आणि हे बंदर सर्वांना सामावून घेत आले, हाही गोड समज आहे: जून १८८१ मध्ये याच शहरात इटालियन मजुरांवर जमाव तुटून पडला होता.

दर्यावर्दी:
ओबान्य रस्त्याचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तेथे भाडेकरू राहत होते, धोक्याच्या तक्रारी होत होत्या, आणि तरीही वेळेवर दुरुस्ती झाली नाही. माणसे आत असताना दुरुस्ती करा, एवढेच मी मागतो आहे. आणि १९४३ विषयी: सँ-झाँमधून हाकललेल्या हजारो जणांपैकी बहुतेक ज्यू नव्हते, ते कोळी, गोदी कामगार आणि इटलीहून आलेल्यांची मुलेबाळे होती. त्यांच्या हकालपट्टीचा फौजदारी तपास पॅरिसमध्ये सुरू व्हायला २०१९ साल उजाडले. इतकी वर्षे तो विषय मागे पडला, याला ‘ती वस्ती पाडण्यालायकच होती’ हा समजही कारणीभूत आहे.

नांगर:
दोघांच्याही चर्चेत बंदराचे काम कोठेच येत नाही. या वस्तीचा स्वभाव घडवला तो माल चढवण्या-उतरवण्याच्या कामाने, आणि ते काम १९४३ च्या पुष्कळ आधी येथून निघाले होते. आगबोटींना ही खाडी अपुरी पडू लागली, म्हणून १८४४ पासून उत्तरेला झोलिएत येथे नवे धक्के बांधायला घेतले. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेलवाहू आणि अवजड जहाजांसाठी पश्चिमेला फोस येथे आणखी मोठे बंदर झाले. आता खाडीत खासगी नौकांचीच दाटी आहे. तरीही सकाळी धक्क्याच्या टोकाशी कोळी कुटुंबे बोटीतून उतरवलेली ताजी मासळी उथळ ट्रेमध्ये मांडून विकतात. पानिएतील घरभाड्यांवर नियंत्रण जरूर आणावे; पण बोटी बांधण्याची जागा या कोळ्यांसाठी राखून ठेवली गेली नाही, तर त्या घरांत राहून करायचे काम कोणते, याचे उत्तर आपल्यापैकी कोणीच दिलेले नाही.