मोडी वाचून जगाचं काय भलं होणार?

बोरूबहाद्दर: भाचीने मोडी लिपीतल्या जुन्या कागदपत्रांवर पीएचडी करायचं ठरवलंय, त्यावरून घरात खडाजंगी. तिचे वडील म्हणतात, "सरकारी पैशावर जुनी रद्दी चिवडणार." मला पटत नाही. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती शोधाशोध झाली आठवा. बस्ते (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) होते, वाचणारे नव्हते. लोकांचे जातीचे दाखले त्या 'रद्दी'त अडकले होते.

हिशेबी: ते झालं वाचन. संशोधन कुठे आलं त्यात? लिपी काही दिवसांच्या वर्गात शिकता येते, त्याला वर्षानुवर्षं फेलोशिप कशाला? इतिहासकार वि. का. राजवाड्यांना कुठलं विद्यापीठ होतं? गावोगाव वणवण करून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे 22 खंड काढलेच ना!

पिठलंभाकरी: हिशेबी, पणजोबांचं खरेदीखत आम्ही अशाच वर्गवाल्या दोघांकडून वाचून घेतलं. एक म्हणाला पूर्वेस ओढा, दुसरा म्हणाला वाडा. दावा अजून चालू आहे. 🙏

बोरूबहाद्दर: तेच तर. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, शब्द सुटे नाहीत, लेखणी उचलायची नाही. त्यात तारखा! 'इसन्ने अशर मया व अलफ' म्हणजे दोन, दहा, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली, अरबी अंकशब्दांत लिहायची कालगणना) 1112. त्यात 599-600 मिळवा, तेव्हा कुठे 1711-12 हाती येतं. आणि नोंदीत नुसतं 'कु' असेल, तर तो कुणबी की आणखी काही? त्या गावात, त्या काळात, तो कारकून काय कसं लिहायचा हे माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही. ते शोधणं हेच संशोधन.

सातासमुद्रापार: राजवाड्यांचा दाखला नेहमी अर्धाच देतात. एकट्याने हे पेलणारं काम असतं तर त्यांनी 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ कशाला काढलं असतं? (पुढे भांडून बाहेर पडले, तो भाग वेगळा.) आणि 2014 मध्ये मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाण यादीत, जागा मिळाली, त्यामागचा प्रस्ताव अंशुमन पांडे यांचा. बर्कलेच्या विद्यापीठात भाषाशास्त्र विभागात अशा मागे राहिलेल्या लिप्यांसाठी प्रकल्पच चालतो. उद्या संगणकाने मोडी वाचायची म्हटली तरी पाया तोच.

हिशेबी: बरं, 'कु'चा मुद्दा मान्य. पण माझा राग वेगळाच आहे. प्रबंध इंग्रजीत लिहायचा, पाच प्रती काढायच्या, एक ग्रंथालयात धूळ खाते. तलाठ्याला त्याचा काय उपयोग? तुमच्या भाचीने प्रबंधाआधी आपल्या तालुक्यातल्या कारकुनांच्या खुणा आणि संक्षेप यांची चार पानं मराठीत काढावीत. फेलोशिपच्या बाजूने मी स्वतः बोलेन.

बोरूबहाद्दर: तिला विचारलं. म्हणाली, "चार काय, चाळीस पानं देते. आधी त्या कचेरीतून बस्ता तरी सोडवून द्या. तीन महिने 'किल्ली साहेबांकडे आहे' एवढंच ऐकतेय."