मदत हवी आहे: पीएच्या पर्सनल स्टेटमेंटमध्ये ऑर्थोचं नाव घ्यावं का?

तळ्यातमळ्यात:
कॅस्पाचा (अमेरिकेतल्या पीए कोर्सेसचा सामायिक अर्ज) फॉर्म भरून झालाय, फक्त निबंध अडलाय. ५,००० कॅरॅक्टर्स, स्पेस धरून. मला ऑर्थोतच जायचंय आणि तसं सरळ लिहिलंय. सुपरवायझर म्हणते काढ, नवरा म्हणतो खोटं कशाला लिहायचं. रोलिंग अ‍ॅडमिशन आहे (अर्ज येतील तसे निर्णय घेतात), रविवारी सबमिट करायचंच आहे. पटापट सांगा. "एमबीबीएस का नाही केलं" सोडून काहीही बोला.

खडीसाखर:
पीए म्हणजे पर्सनल असिस्टंट ना? त्यालाही शाळा असते?

उंटावरचा:
फिजिशियन असिस्टंट हो, डॉक्टरांच्या टीममध्ये रुग्ण तपासणारे, औषध देणारे. १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात सुरू झालं, पहिल्या तुकडीत नौदलातले माजी कोअरमन (वैद्यकीय मदतनीस) होते. हल्ली पीएंची संघटना 'फिजिशियन असोसिएट' म्हणते.
धागाकर्ती, किती ठिकाणी अर्ज करताय? त्यांची मिशन स्टेटमेंट्स वाचलीत का? प्रायमरी केअरवर भर देणाऱ्यांना ऑर्थो-ऑर्थो ऐकवून काय उपयोग?

निळास्क्रब:
तीन वर्षं डर्मॅटॉलॉजी, आता इमर्जन्सीत पीए आहे. विभाग बदलताना पुन्हा रेसिडेन्सी करावी लागली नाही, या पेशाची गंमतच ती. तुम्ही आत शिरायच्या आधीच एका खोलीत जाऊन कडी लावताय. रोटेशनला लहान मुलं, बायकांचे आजार, मानसिक आजार, सगळं करावं लागेल. ते नको असल्यासारखं वाचलं जातं.

रोखठोक:
असहमत. बहिणीने कार्डिओलॉजी ठणकावून लिहिलं, मिळाली सीट. कमिटीला गुळमुळीत निबंधांचा कंटाळा येतो.

निळास्क्रब:
किती अर्ज केले होते?

रोखठोक:
चौदा. सीट एकच लागते.

मावशीबोलते:
नर्सिंग करून एनपी (नर्स प्रॅक्टिशनर) व्हा. माझी सून झाली.

तळ्यातमळ्यात:
मावशी, नको. नऊ ठिकाणी अर्ज आहेत. ऑर्थो क्लिनिकमध्ये एमए (मेडिकल असिस्टंट) आहे. पुण्यातून बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) केलंय, पण त्याचा इथे काय संबंध?

निळास्क्रब:
अहो, हे आत्ता सांगताय? फिजिओथेरपिस्ट, वर ऑर्थोची आवड, मग इथलं पीटीचं (फिजिओथेरपीचं) लायसन्स का नाही काढलं? कमिटी हेच विचारणार. ऑर्थो लिहावं की नाही हा मुद्दाच नाही. पीए का, याचं उत्तर निबंधात आहे का?

उंटावरचा:
आणि प्रीरिक्विझिट, म्हणजे प्रवेशाआधी लागणारे कोर्स? बरेच प्रोग्रॅम बाहेरच्या देशातले कोर्स धरत नाहीत.

तळ्यातमळ्यात:
ते कम्युनिटी कॉलेजमधून केलेत. पीटी का नाही... गेल्या वर्षी गुडघ्याच्या फॉलो-अपला एक आजोबा आले होते. पोटरी सुजलेली, गरम. मला गुठळीची शंका आली, पीएला बोलावलं. तिने तपासलं, डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) मागवला, आजोबांच्या मुलीला सगळं समजावलं, औषध सुरू केलं. मी व्हीलचेअर धरून उभी. त्या दिवशी ठरलं. पण हे काय लिहायचं?

निळास्क्रब:
हेच लिहायचं! आजोबांची ओळख पटेल असं काही ठेवू नका. ऑर्थो त्यात आपोआप दिसतं. शेवटच्या परिच्छेदातली "ऑर्थोच करणार" ही शपथ तेवढी काढा. मुलाखतीत विचारलं तर आवड आहे म्हणा, त्यात खोटं काही नाही.

रोखठोक:
शेवटी लपवाच म्हणताय.

निळास्क्रब:
क्रम बदला म्हणतोय.

खडीसाखर:
अवांतर: बाबांचा गुडघा बदलायचाय, दोन्ही एकदम करावेत का?

उंटावरचा:
वेगळा धागा काढा.

तळ्यातमळ्यात:
आजोबा घातले, ५,३४० झाले. "लहानपणापासून हाडांचं आकर्षण" हा परिच्छेद उडवते. सुपरवायझरला सांगणार नाहीये.
बाय द वे, बीपीटीएचच्या ट्रान्सक्रिप्टचं इव्हॅल्युएशन (गुणपत्रिकेची इथल्या पद्धतीनुसार पडताळणी) अजून करून घेतलेलं नाही. रविवारपर्यंत येतं का?