जळगावात नोकरी सांभाळून सायबर सुरक्षेचा प्रत्यक्ष सराव कसा करावा?

प्रश्न : सिस्टिम ॲडमिन, जळगाव

नमस्कार. जळगाव एमआयडीसीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्याचा संगणक विभाग मी गेली ९ वर्षे सांभाळतो आहे. ६० संगणक, २ सर्व्हर, १ फायरवॉल आणि मदतीला एक नवखा मुलगा, एवढाच आमचा पसारा आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच सोमवारी सकाळी लेखा विभागातून फोन आला की टॅली उघडत नाही. जाऊन पाहिले तर प्रत्येक फायलीच्या नावापुढे अनोळखी अक्षरे चिकटली होती आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी ठेवलेली होती. बाहेरगावाहून काम करता यावे म्हणून सुरू केलेला रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा राहिला होता आणि त्या खात्याचा पासवर्ड म्हणजे कंपनीचे नाव आणि पुढे चालू वर्ष. बॅकअपची हार्डडिस्क त्याच सर्व्हरला कायमची जोडलेली असल्याने तीही कामाची उरली नाही. २२ दिवसांच्या नोंदी आम्हाला कागदी व्हाउचरांवरून पुन्हा कराव्या लागल्या.

मी या विषयावर बरेच वाचले आहे, बहुपर्यायी प्रश्नांची एक परीक्षाही उत्तीर्ण झालो आहे. तरीही त्या सकाळी सर्व्हरपुढे उभा असताना पहिले काय करायचे, हे मला सुचले नाही. मी घाईघाईने तो बंद केला आणि ते योग्य होते की चूक, हेही मला आज सांगता येत नाही.

आता कंपनी प्रशिक्षणाचा खर्च द्यायला तयार आहे. पुण्यातील एका संस्थेचा शनिवार-रविवारचा वर्ग ६५,००० रुपयांचा आहे. त्यासाठी २ महिने दर शुक्रवारी रात्रीची गाडी धरावी लागेल. दुसरा पर्याय ऑनलाइन सरावाचा आणि तिसरा घरीच लॅब उभारण्याचा. माझ्यासारख्याने कुठून सुरुवात करावी?

उत्तर १ : धुळेकर, सध्या पुण्यात एसओसीमध्ये (सायबर हल्ल्यांवर लक्ष ठेवणारा विभाग)

मूळची धुळ्याची आहे, त्यामुळे आपल्याकडच्या कारखान्यांतील संगणक विभाग कसे चालतात ते जवळून पाहिले आहे. तुमचा प्रश्न वाचून वाटले की तुम्हाला अभ्यासक्रमाआधी त्या सोमवारच्या सकाळची तयारी हवी आहे, म्हणून त्याच क्रमाने लिहिते.

आधी तुमच्या शंकेचे उत्तर. अशा वेळी सर्व्हर नेटवर्कपासून तोडावा, म्हणजे केबल काढावी किंवा स्विचचा पोर्ट बंद करावा, पण शक्यतो वीज बंद करू नये. सर्व्हर बंद केला की रॅममधील चालू प्रक्रियांचा आणि जोडण्यांचा पुरावा पुसला जातो. मात्र तुमच्या डोळ्यांदेखत फायली बदलत असतील आणि तो प्रकार दुसऱ्या कोणत्याही मार्गाने थांबत नसेल, तर वीज बंद करणे हाच शहाणपणा ठरतो. हा निर्णय अर्ध्या मिनिटात घ्यावा लागतो आणि वाचून तो घेता येत नाही. तुमच्या हातून चूक झाली असे मी म्हणणार नाही. सराव झालेला नव्हता, एवढेच.

आता लॅब. १६ जीबी रॅमचा एक लॅपटॉप पुरेसा आहे. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स टाकून दोन आभासी मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारे स्वतंत्र संगणक) उभी करा: एकावर मायक्रोसॉफ्ट १८० दिवसांच्या चाचणीसाठी मोफत देते तो विंडोज सर्व्हर आणि दुसऱ्यावर काली लिनक्स ही सुरक्षा चाचणीसाठीची प्रणाली. दोन्हींचे नेटवर्क ‘इंटर्नल’ ठेवा, म्हणजे त्या दोघांपलीकडे काहीही जाणार नाही. सुरुवातीचा स्नॅपशॉट, म्हणजे पुन्हा मागे जाता येईल अशी मशीनची प्रत, घेऊन ठेवा.

पहिला सराव तुमच्यावर आलेल्या प्रसंगाचाच करा. विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप सुरू करून एक खाते उघडा, कालीवरून त्या खात्यावर ८ वेळा चुकीचा पासवर्ड टाका आणि ९ व्या वेळी बरोबर टाका. त्यानंतर त्या खात्यातून नवा वापरकर्ता तयार करा, त्याला ॲडमिनिस्ट्रेटर गटात घाला आणि शेवटी सिक्युरिटी लॉग (कोण कधी आत आले, काय बदलले याची विंडोजची नोंदवही) पुसून टाका. अर्थात या शेवटच्या कामांसाठी ते खाते आधीच ॲडमिनचे असावे लागेल. लॉग पुसण्याआधी त्याची एक प्रत बाजूला काढून ठेवा.

आता ती प्रत इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्याच साधनात उघडून ओळ न ओळ वाचा. फसलेले प्रयत्न ४६२५ या क्रमांकाखाली दिसतील, यशस्वी प्रवेश ४६२४ खाली, नवा वापरकर्ता ४७२० खाली आणि गटात घातल्याची नोंद ४७३२ खाली. पुसलेल्या लॉगमध्ये एकच ओळ उरलेली असेल, ११०२, म्हणजे ‘लॉग पुसला गेला’. इथे एक गोष्ट नीट पाहा. रिमोट डेस्कटॉपचा लॉगऑन प्रकार (नोंदीतील प्रवेशाच्या पद्धतीचा क्रमांक) १० असतो, असे बहुतेक नोट्समध्ये लिहिलेले असते आणि म्हणून नवे लोक फसलेल्या प्रयत्नांतही १० शोधत बसतात. परंतु नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन सुरू असेल, तर फसलेला प्रयत्न प्रकार ३ म्हणून नोंदला जातो, कारण ओळख पटवण्याचे काम डेस्कटॉप उघडण्याच्या आधीच होते. हे मी एका रात्रपाळीत तासभर चुकीच्या जागी शोधून शिकले आणि आजवर विसरलेले नाही.

यातच दुसरा धडा मिळेल. विंडोज सिक्युरिटी लॉगचा मूळ आकार साधारण २० एमबी असतो आणि तो भरला की जुन्या नोंदी खोडल्या जाऊन नव्या बसतात. कोणी रात्रभर पासवर्ड आजमावत राहिला तर सकाळपर्यंत आदल्या दिवसाचे काहीच उरत नाही. म्हणून लॉगचा आकार वाढवणे आणि लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवत राहणे, हा तुमचा दुसऱ्या आठवड्याचा सराव. त्यासाठी वाझूह हे मोफत साधन चांगले आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपणे, घड्याळे एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवणे आणि ठरवून दिलेल्या प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. कारखान्यात फायरवॉलचे घड्याळ १५ मिनिटे मागे असेल, तर कोण आधी आले आणि काय नंतर घडले, हे ६ तासांत काय, ६ दिवसांतही जुळवता येत नाही.

ऑनलाइन सरावाबद्दल थोडक्यात सांगते. वेब ॲप्लिकेशनसाठी पोर्टस्विगरची अकादमी मोफत आणि उत्तम आहे, पायाभूत सरावासाठी ट्रायहॅकमी ठीक आहे. ओएससीपी या प्रमाणपत्राच्या परीक्षेत जवळजवळ २४ तास प्रत्यक्ष मशीन भेदावी लागतात आणि पुढच्या २४ तासांत अहवाल द्यावा लागतो. परीक्षा अस्सल आहे, पण ती हल्ला करणाऱ्याच्या बाजूची आहे. तुमचे काम राखणाऱ्याचे आहे, म्हणून तिची घाई करू नका.

उत्तर २ : महाविद्यालयीन शिक्षक, भुसावळ परिसर

ताईंनी नेटवर्क ‘इंटर्नल’ ठेवायला सांगितले आहे, त्यावर मी भर देऊ इच्छितो. काही वर्षांपूर्वी आमच्या लॅबमध्ये एका विद्यार्थ्याने आभासी मशीन ‘ब्रिज्ड’, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कला थेट जोडलेले, ठेवून स्कॅन सुरू केले आणि ते साऱ्या इमारतीच्या नेटवर्कवर गेले. दोन प्रिंटर आणि हजेरीचे यंत्र बंद पडले. मुलाचा हेतू वाईट नव्हता, तरी त्याला आणि मला दोघांनाही लेखी खुलासा द्यावा लागला.

कारखान्याच्या नेटवर्कवर कोणतीही चाचणी करण्यापूर्वी व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्या आणि तीत कोणती यंत्रे, कोणत्या तारखेला, किती वाजेपर्यंत, हे स्पष्ट लिहून घ्या. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीवाचून संगणकात प्रवेश करण्याबद्दल भरपाईची तरतूद आहे आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘मी तिथलाच कर्मचारी आहे’ हे उत्तर कागदाशिवाय पुरत नाही.

वर्गाचे पैसे भरण्यापूर्वी त्या संस्थेला एवढेच विचारा: लॅबमधील मशीन विद्यार्थ्याने पूर्ण बिघडवले, तर ते कोण दुरुस्त करते? शिक्षक एक बटण दाबून ते पूर्ववत करून देत असतील, तर तुम्ही ६५,००० रुपये देऊन दुसऱ्याचे प्रात्यक्षिक पाहणार आहात. ते तुमच्याकडून दुरुस्त करून घेत असतील, तर दर आठवड्याचा रात्रीचा प्रवासही सोसावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर, २ महिन्यांनंतर : सिस्टिम ॲडमिन, जळगाव

ताई आणि सर, तुम्हा दोघांचे आभार. पुण्याचा वर्ग मी सध्या पुढे ढकलला आहे. सरांचा प्रश्न त्या संस्थेला विचारला तेव्हा ‘आमच्याकडे मशीन बिघडत नाहीत’ असे उत्तर मिळाले.

लॅब घरी उभारली. मे महिना असल्याने दुपारी लॅपटॉप तापून आपोआप बंद पडत होता, म्हणून पहाटे ५ ते ७ ही वेळ धरली. ताईंनी सांगितलेला सराव चार वेळा केला. पहिल्या खेपेला ४६२५ च्या नोंदी समोर असूनही मी प्रकार १० च शोधत होतो. चौथ्या खेपेला आमच्या विभागातील मुलाला समोर बसवले, त्याला न सांगता लॉगमध्ये नवा वापरकर्ता पेरून ठेवला आणि त्याने तो ११ मिनिटांत शोधून काढला.

त्यानंतर लेखी परवानगी घेऊन एका रविवारी कारखान्यात बॅकअप परत आणण्याचा सराव केला. खरा व्हायरस आणण्याचा प्रश्नच नव्हता. टॅलीच्या डेटाची एक प्रत वेगळ्या मशीनवर ठेवली, छोट्या स्क्रिप्टने तिच्यातील सर्व फायलींची नावे बदलली आणि मग तो डेटा गेला असे धरून नव्या, न जोडलेल्या हार्डडिस्कवरील बॅकअपवरून काम सुरू केले. व्यवस्थापकांना मी ४५ मिनिटे लागतील असे सांगितले होते. प्रत्यक्षात ३ तास ४० मिनिटे लागली. डेटा २० मिनिटांत परत आला होता, पण लायसन्सची माहिती ज्या एक्सेल फायलीत होती, ती फाइल त्याच ‘गेलेल्या’ सर्व्हरवर होती, आणि प्रिंटरच्या सेटिंग्ज कोणीही कुठे लिहून ठेवलेल्या नव्हत्या.

आता ती माहिती छापून लेखा विभागाच्या कपाटात कुलपात ठेवली आहे. रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवरून बंद करून व्हीपीएनमागे (सुरक्षित खासगी जोडणीमागे) घेतला आहे आणि प्रवेशाला दुसरी पायरीही लावली आहे. दर तिमाहीच्या पहिल्या रविवारी हाच सराव पुन्हा करायचे ठरले असून पुढच्या वेळी मी कपाटाला हात लावणार नाही. सर्व काम तो मुलगा करील आणि मी फक्त वेळ मोजीन.

ताई, एक शंका उरली आहे. वाझूहवर आमच्या ६० संगणकांपैकी ७ संगणकांकडून लॉग येतच नाहीत, आणि ते सातही जुन्या वजनकाट्यांना जोडलेले, विंडोज ७ वर चालणारे आहेत. ते बदलता येणार नाहीत, असे काटा पुरवणारे म्हणतात. त्यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) टाकून फायरवॉलवरूनच लक्ष ठेवावे का, की त्यावर एजंट (लॉग पाठवणारा वाझूहचा छोटा प्रोग्राम) चालवण्याचा काही मार्ग आहे?

उत्तर ३ : धुळेकर, सध्या पुण्यात एसओसीमध्ये

आधी वेगळा व्हीलॅन करा, एजंटचा विचार नंतर. त्या सातही संगणकांचा इंटरनेट बंद करा, काट्याचे आकडे ज्या एका सर्व्हरला जातात तेवढाच मार्ग आणि तेवढाच पोर्ट उघडा ठेवा, आणि नाकारलेली प्रत्येक जोडणी फायरवॉलच्या लॉगमध्ये येईल असे करा. एसएमबीची (नेटवर्कवर फायली वाटून घेण्याच्या पद्धतीची) जुनी पहिली आवृत्ती त्यांवर सुरू असेल तर ती बंद करून पाहा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेने पसरला होता, आणि तेव्हा त्यावरचा पॅच, म्हणजे मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती, येऊन २ महिने होत आले होते. मात्र बंद करण्यापूर्वी काट्याचे सॉफ्टवेअर तीच आवृत्ती वापरत नाही ना, हे एका संगणकावर रविवारी तपासा. सोमवारी सकाळी दारात ट्रक उभे असताना तपासू नका.