क्वारंटाइन टँक रिकामा असताना चालू ठेवायचा की सुकवून ठेवायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नवीन मासे आणल्यावर क्वारंटाइन टँकमध्ये (आजार पसरू नये म्हणून आधी वेगळं ठेवायच्या टाकीत) काय करायचं, हा माझा प्रश्न नाही. त्यावर पुष्कळ लिहून झालंय. मला अडचण आहे ती दोन खरेद्यांच्या मधल्या काळाची.

हॉलमध्ये २०० लिटरचा प्लांटेड टँक (जिवंत वनस्पतींचा) आहे. मासे म्हणजे निऑन, तळाशी राहणारे कोरी आणि एंजलची एक जोडी. क्वारंटाइनसाठी ४० लिटरचा वेगळा टँक स्वयंपाकघराच्या मागच्या बाल्कनीत ठेवलाय. त्यात तळाला रेती नाही, एअर पंपाच्या हवेवर चालणारा एक स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला प्लंबरकडून आणलेले पीव्हीसीचे दोन एल्बो. जाळी, बादली, नळी सगळं वेगळं. नवे मासे चार आठवडे तिथे काढतात, मग हॉलमध्ये येतात. इथवर ठीक आहे. पण मासे मी वर्षातून तीन-चार वेळाच आणते. उरलेले महिने हा टँक नुसता बसून असतो, आणि माझा घोळ तिथेच होतो.

मे महिन्यात आधीची बॅच हलवली. फिल्टर चालूच ठेवला. मनात हे, की चालू आहे म्हणजे तयार आहे. पाणी आटलं की वरून तांब्याने भर घालायची, एवढीच देखभाल. ऑगस्टमध्ये कुर्ल्याच्या बाजारातून सहा पांडा कोरी आणले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर सगळे तळाशी बसून भराभर कल्ले हलवतायत, मधेच एखादा तीरासारखा वर जाऊन हवा घेऊन येतोय. अमोनियाची टेस्ट केली. एरवी पिवळी राहणारी नळी पोपटी हिरवी. १ पीपीएम (लिटरला १ मिलिग्रॅम)! दिवसातून दोनदा अर्धं पाणी बदललं, तरी चार गेले. फिल्टर तीन महिने बुडबुडे काढत होता, पण त्यात जीव नव्हता, म्हणजे माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया खाणारे बॅक्टेरिया उपाशी मेले होते.

मग दुसरं टोक गाठलं. सगळं रिकामं करून सुकवलं. गणपतीनंतर पुन्हा भरून ठेवला, पण एअर पंपाच्या घरघरीचा त्रास व्हायला लागला म्हणून पंप बंद. आठ-दहा दिवसांनी पालिकेचे लोक डासांच्या तपासणीला आले. टॉर्च मारला आणि म्हणाले, "मॅडम, ह्यात अळ्या आहेत." खरंच होत्या, शेपूट वर करून लटकलेल्या. मी तिथल्या तिथे पाणी ओतून दिलं म्हणून निभावलं. सासूबाई म्हणाल्या, "माशांचं इस्पितळ म्हणालीस, हे तर डासांचं पाळणाघर निघालं."

आता पुढच्या महिन्यात सहा डेनिसन बार्ब आणायचे आहेत. टँक चालू ठेवावा तर बॅक्टेरिया उपाशी मरतात, सुकवावा तर दर वेळी शून्यातून सुरुवात. दुकानदार म्हणतो दोन गप्पी कायमचे ठेवा, अळ्याही खातील आणि फिल्टरही जिवंत राहील. कोणी नक्की काय करतं ते सांगाल का?

प्रतिसाद: ताई, गप्पी ठेवू नका. कायमचे रहिवासी ठेवलेत तर तो क्वारंटाइन राहत नाही, गप्पींचा टँक होतो. नवे मासे गप्पींना आजार देणार, गप्पी तो पुढच्या बॅचला देणार. शिवाय औषध टाकायची वेळ आली तर त्या बिचाऱ्यांनाही उगाच डोस.

माझी पद्धत साधी आहे: टँक नाही, स्पंज जिवंत ठेवायचा. दोन स्पंज घ्या. एक कायम हॉलच्या टँकमध्ये मागच्या कोपऱ्यात, हवेवर चालू. महिना-दीड महिन्यात तो चांगला तपकिरी होतो. मासे आणायच्या दिवशी तो उचलून क्वारंटाइनमध्ये लावायचा, पाणीही हॉलच्या टँकमधलंच भरायचं. एरवी क्वारंटाइन टँक धुऊन, कोरडा करून पालथा. अळ्यांचा प्रश्नच नाही. एक बघा, स्पंज नेताना नळाखाली धुवू नका. पावसाळ्यात पाण्याला क्लोरीनचा वास येतो तेव्हा तर नाहीच. टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा.

धागाकर्ती: हे पटलं. पण चार आठवडे झाल्यावर तोच स्पंज परत हॉलच्या टँकमध्ये ठेवायचा ना?

प्रतिसाद: अजिबात नाही! तिथून इकडे चालतं, इकडून तिथे नाही. एकेरी रस्ता समजा. वापरलेला स्पंज उकळून, कडकडीत सुकवून मगच हॉलमध्ये, म्हणजे पुन्हा नवा म्हणूनच. मासे आजारी पडले असतील तर मी सरळ फेकतो.

प्रतिसाद: मी वरच्यांच्या उलट, वर्षभर चालू ठेवतो. कारण मासे मी ठरवून आणत नाही, दिसले की घेतले जातात (घरी माहीत आहे). बॅक्टेरियाला मासे लागत नाहीत, अमोनिया लागतो. तो मी बाहेरून देतो, म्हणजे अमोनियम क्लोराइड. आपला नवसागरच, पण कल्हईवाल्याकडचा खडा नको, त्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून शुद्ध घ्या. १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा, वर मोठ्या अक्षरात 'विष' लिहा. त्यातलं २५ मिली तुमच्या ४० लिटरला टाकलं की साधारण २ पीपीएम होतो. बॅक्टेरिया अमोनियाचं आधी नायट्राइट करतात (तेही विषारी), मग नायट्रेट. टाकल्यावर २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तर टँक तयार. मी आठवड्यातून एकदा टाकतो. मासे येण्याच्या आदल्या दिवशी मात्र डोस नाही, टेस्ट करून खात्री आणि ७०-८० टक्के पाणी बदल, कारण तोवर नायट्रेट साठलेलं असतं.

आणि नुसती तांब्याने भर घालू नका. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. काचेवर पांढरी रेघ दिसत असेल बघा. दर पंधरा दिवसांनी थोडं काढून मगच भरायचं. पातळी खाली गेली आणि हीटर उघडा पडला तर त्याची काच तडकते, हा अनुभव रात्री दोन वाजता घेतलाय.

धागाकर्ती: पांढरी रेघ आहे! मी ती फिल्टरची खूण समजत होते. एक शंका, आधीच्या बॅचला पांढरे ठिपके झाले असतील तर चालू टँकमध्ये ते टिकून राहणार नाहीत का?

प्रतिसाद: गोड्या पाण्यातला इच (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) असेल तर नाही. तो परजीवी माशावर वाढतो, सुटून तळाशी बसतो, तिथे फुटून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. त्यांना दोनएक दिवसांत मासा मिळाला नाही की ती मरतात. पाणी २७-२८ अंशांवर असेल तर हे चक्र आठवडाभरात उरकतं. मासे नसलेला टँक तीन आठवडे तसाच गरम चालवला की माझ्या मते पुरे. थंड पाण्यात चक्र लांबतं, म्हणून थंडीत हीटर काढू नका. पण कल्ल्यांवर कापसासारखं काही दिसलं असेल, मासे खंगत गेले असतील किंवा कारण न कळता पटापट मेले असतील, तर धोका पत्करू नका. टँक ब्लीचने धुवा, अँटीक्लोरीन टाकून खळबळा, उन्हात वाळवा.

मिथिलीन ब्लू (माशांचं निळं औषध) वापरलंत तर बॅक्टेरियाची आशा सोडा, ते त्यांनाही मारतं. काचेच्या कडेचं सिलिकॉन निळं होतं ते वेगळंच. तेव्हा 'चालू ठेवू की सुकवू' हे दर वेळी एकच उत्तर असायला हवं असं नाही. बॅच निरोगी गेली तर चालू, औषधं पडली तर सुकवणं.

प्रतिसाद: विषय सोडून लिहितोय, पण ४० लिटरमध्ये सहा डेनिसन? केरळ-कर्नाटकातल्या वाहत्या नद्यांचा मासा तो, मोठा झाला की १५ सेंटिमीटरपर्यंत जातो. ५ सेंटिमीटरची पिल्लं असतील तर चार आठवडे जेमतेम. झाकण घट्ट हवं, उड्या मारतात. आणि रोज थोडं पाणी बदला. दुकानदाराला ते पाळलेले आहेत की नदीतून पकडलेले, हेही विचारा. नदीतले कमी होत चाललेत.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. पिल्लंच आहेत, चार-साडेचारची. कुठून आलेत ते विचारते. मला अचानक मासे घ्यायची सवय नाही, त्यामुळे दोन स्पंजचा मार्ग धरला. नवा स्पंज गेल्या रविवारी हॉलच्या टँकमध्ये ठेवला. बाल्कनीतला टँक पालथा आहे, सासूबाईंनी त्यावर कुरडयांचं ताट वाळत घातलंय.

पण आज सकाळी नवीनच प्रकार. त्या स्पंजच्या उभ्या नळीवर एंजलनी अंडी घातलीत. दोघं पहारा देतायत, हात घातला की बोटावर धावून येतात. आता स्पंज काढायचा कधी?

प्रतिसाद: काढू नका. अंडी फुटायला दोन-तीन दिवस, पिल्लं पोहायला लागायला आठवडा, तोही निऑन आणि कोरींच्या तावडीतून वाचली तर. कोरी रात्रीच हात मारतात. स्पंज मुरायला महिना लागणारच आहे. डेनिसन संक्रांतीनंतर आणा.